उजेडाचा पंचनामा

गारपिटीचे केले, पडक्या भिंतींचे केले,
वीज पडून मेलेल्या बैलांचे तर किती.
उजेडाचा पंचनामा मात्र
तलाठी म्हणून माझा हा पहिलाच.

फौजेची गाडी सज्जनगडाच्या फाट्यावर
धुक्यात दोनदा चुकून
चाळकेवाडीच्या पठारावर आली.
मेजर थपलियालांना मराठी येत नव्हतं,
गजाबाई कोकऱ्यांना हिंदी.
मधे मी, उंबऱ्यासारखा.

किती उंचीवर होता?
म्हणाली, म्हशीच्या शिंगाएवढा,
पर म्हस पल्याडच्या डोंगरावर हुबी पायजे.
मेजरनी होकायंत्र डोळ्याला लावलं,
त्या नसलेल्या म्हशीचा कोन घेतला.
दोनशे चौऱ्याऐंशी अंश. लिहिलं.

रंग?
ताक ठिवलं की वर येती ती निवळी.
मी सांगितलं, सफेद.
तेव्हा गजाबाईनं माझ्याकडं असं बघितलं
जशी मी तिची जमीन
दुसऱ्याच्या नावावर चढवली.

पवनचक्क्यांचा राखणदार दगडू निकाळजे
बगलेत रजिस्टर घेऊन आला.
दोन दहा ते दोन एकवीस. वारा नाही.
साहेब, वैशाखात हितं वारा नाही, असं
नऊ वर्सांत मी लिवलेलं नाही.
सगळी पाती हुबी. लाल दिवे तेवढे चालू.

ड्रोन असेल. आवाज नव्हता.
शुक्र असेल. मेजरनीच खोडलं,
त्या वेळी तो क्षितिजाखाली.

नुकसान?
काय न्हाई, म्हणाली गजाबाई.
आमची आंधळी कुत्री हाय,
तिनं तेवढी मान वर केली,
आन् तो गेला तशी फिरवत नेली.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
मेजर बराच वेळ त्या कुत्रीजवळ बसून होते.

संध्याकाळी कोऱ्या चहाचा कप हातात धरून
म्हणाले, बर्फातल्या चौकीवर मीही पाहिला होता एक.
फ्लेअर लिहिलं, सही केली, झोपलो.
मग सहज विचारल्यासारखं, और आप?

मी म्हणालो, झोपलो होतो.

बापू सिव्हिलला होते त्या रात्री.
रेंजसाठी मी देवळाच्या कट्ट्यावर उभा होतो,
फोन वर धरून, पठारावर उभा राहतो तसा प्रत्येकजण.
अकरा मिनिटं रेंज भरलेली होती, सगळ्या काड्या.
फोन करायचा विसरलो.

चतुःसीमा येणेप्रमाणे:
पूर्वेस ठोसेघरची दरी,
पश्चिमेस कोयनेचं अडवलेलं पाणी,
उत्तरेस उरमोडी,
दक्षिणेस तारळीचा उतार.
वर: निरंक.

समक्ष वाचून दाखवला, बरोबर आहे.
गजाबाईनं अंगठा दिला
आणि शाईचं बोट
कुत्रीच्या कपाळावर पुसलं.