उसनं नाक

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप उतरला
आणि जाताना माझं नाक घेऊन गेला.
तेव्हापासून कॉफी म्हणजे गरम काळं पाणी,
कोथिंबीर नुसती हिरवी,
आणि कपाटातला गुरामचा कोट
कुणाचाही कोट.

त्या रात्री दारावर मूठ आदळली.
बेल असताना मूठ?
ग्लदानीत, आठव्या मजल्यावर, पावणेबाराला?

दारात ओतिया.
कपडे वाळत घालायच्या दोरीवरून
पाच वर्षं अबोला असलेला ओतिया.
"दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस,"
हे माझं त्याला शेवटचं वाक्य.
आणि त्याचं मला पहिलं:
"नातेला, दिवा लावू नकोस."

बोट बटणावरच होतं.
काढून घेतलं हळूच,
झोपलेल्या बाळाच्या मुठीतून काढावं तसं.

"जिनाभर सडक्या अंड्यांचा वास सुटलाय.
तुला येत नाही?"
नाही म्हणायची लाज वाटली.
अंधारात चाचपत त्यानं
पिवळ्या नळीवरचा कॉक आडवा केला,
खिडक्या सताड उघडल्या.
फेब्रुवारी चपला न काढता आत आला.

लिफ्ट नको, म्हणाला.
(तसंही लिफ्टच्या डब्यात टाकायला
दोघांकडेही नाणं नव्हतं.)
आठ मजले, सपातांत, कठड्याला धरून.
दर मजल्यावर तो मूठ आपटायचा:
झाइरा, ऊठ! पोरांनो, काडी ओढू नका!

खाली डॉमिनोच्या टेबलाभोवती
अख्खी इमारत, झोपेच्या कपड्यांत.
तिथून त्यानं गॅसवाल्यांना फोन लावला.
नंबर त्याला तोंडपाठ होता.
का, ते मी विचारलं नाही.

बाद्री नावाचा पोरगा आला,
बॅटरी घेऊन. साबणाचा फेस मागितला.
मी गुरामचा दाढीचा ब्रश दिला.
शेगडीमागच्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला,
फुटला, पुन्हा फुगला,
भिंत इतके दिवस श्वास घेत असावी तसा.

"किती दिवसांपासून वास येतोय, आजी?"
"मला कसलाच वास येत नाही,"
म्हणाले. पहिल्यांदाच, मोठ्यानं,
ओतियाच्या देखत.
तो छताकडे बघत राहिला.

दोरी अजून त्याचीच आहे, असं त्याचं म्हणणं.
पण संध्याकाळी माझ्या दाराबाहेर
चपला थांबतात, कुणीतरी जोरात नाक ओढतं,
आणि आवाज येतो:
"गॅस नाही. वांगी.
अक्रोड जरा जास्त भाजलेस."