अर्धी भाकरी

वादळ येणार म्हणून मैदानात होड्या ओढल्यात.
आमची निदानरेषा कुणाच्यातरी नाळेखाली.
सतरा दिवस चढाई नाही.

तरी पाचला पोटात शिट्टी वाजतेच.
म्हाप्रळकर सरांचा कागद भिंतीवर:
चार अंडी, मूठभर भिजले चणे.
धावलेच नाही, तर कुठल्या हक्काने?
मी भाकरी मोडते, अर्धी टोपलीत परत.
आई बघते. कुळथाची पिठी वाढते,
बोलत नाही.

आज हर्णैच्या होड्या परत पाण्यात.
एक खांदा कमी पडला, मला हाक आली.
घोटा पकडावा तसा काठ धरला,
टाचा ओल्या वाळूत.

मग तिथेच पेज, भाजलेला सुका बांगडा.
बोटं चाटताना कळलं,
वाट्या मोजायच्या राहिल्या.

मैदानात रेषा उरलेली नाही.
उद्या चुना आणायला हवा.