सात-सोळांशचा पाना

येओव्हिलला नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लावावे लागतात.
लेकीच्या स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल माझं :
चिमटा, कानस, दोरीवरच्या कपड्यांचे चाप,
बशीतल्या पाण्यात भिजत पडलेलं
नखाएवढं तिरंगी वर्तुळ.
सी किंग. एकास बहात्तर.
खोक्यावर लिहिलंय, वय वर्षं चौदा आणि पुढे.
मी त्र्याहत्तर. चालून जातं.

याच गावचं ते. हेंडफोर्डपलीकडच्या शेडमध्ये जन्मलेलं.
मला भेटलं विल्हिंग्डन बेटावर,
तोवर खारं वारं पिऊन त्याचा राखाडी विटला होता.
डबीतला रंग म्हणूनच खोटा वाटतो,
मी त्यात थोडा पांढरा घालतो, थोडी चुलीची राख आठवून तपकिरी.
समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं आंघोळ,
आधी त्याला,
मग टाकीत उरलं तर आम्हाला.
खालच्या ट्रेमध्ये तेल ठिबकत असे कायम.
ठिबकायचं थांबलं की घाबरायचं, म्हणजे तेल संपलं.

शेजारची मॉरीन पिटमन थालीपिठाचा डबा परत द्यायला आली.
चौतीस वर्षं फॅक्टरीत वायरिंगला होती,
मेणाच्या दोऱ्यानं तारांच्या जुड्या बांधायची.
हात न लावता वाकून बघितलं तिनं. "कितवं?"
मी नंबर सांगितला.
"असेल," म्हणाली. "नसेलही."
मी म्हटलं, एका रात्री मी तुमची गाठ कापली होती,
इतकी घट्ट की ब्लेड बोथट झालं.
"कापली? मग बांधली कुणी?"
मीच.
"कशी?"
ड्रॉवरमधला दोरा काढला, दोन पेन्सिली धरल्या, बांधून दाखवली.
तिनं चष्मा लावला, गाठ सोडली,
आणि न बोलता परत बांधली.

पाती पाच. जमिनीवर ती खाली झुकलेली हवीत,
खोक्यातली सरळ येतात, झोपेतून उठल्यासारखी ताठ.
मी एकेक पातं चहाच्या वाफेवर धरतो.
दाराखालच्या पत्र्यावर एक पोचा होता,
सुई तापवून तोही काढला.
कुणाला दिसणार नाही. कुरूपला दिसला असता.

कुरूपनं पाना हरवला त्या रात्री.
सात-सोळांशचा, मुठीला निळी पट्टी.
हत्यारांच्या फळीवर त्याची काळी सावली रंगवलेली,
तेवढी एक जागा रिकामी.
पहाटे चारपर्यंत फरशा उचलल्या, टॉर्च तोंडात धरून.
साडेपाचला उड्डाण.
कुरूपच्या बायकोला दिवस गेलेले, बढतीची यादी लागायची होती,
दुसऱ्या फळीवरचा एक पाना त्या सावलीवर नीट बसला,
आणि कागदावर दोन सह्या झाल्या.
खालची माझी.

ते उडालं. परत आलं.
अकरा वर्षं उडत राहिलं आणि परत येत राहिलं.
मी बदलीवर विशाखापट्टणमला होतो तरी
डोक्यावरून कुठलंही गेलं की घास हातात थांबायचा.
कुरूप गेला दोन वर्षांपूर्वी. साखर वाढली होती.
आम्ही फोनवर सगळं बोलायचो,
ते सोडून.

आज दोन्ही बाजू जोडायच्या आधी
तांब्याच्या तारेचा तुकडा ठोकून चपटा केला,
तांदळाच्या कणीएवढा,
दोन्ही टोकांना खाचा, मुठीला निळा ठिपका.
फरशीखाली टाकला. चिकटवला नाही.
मग गोंद, मग चाप, मग रात्रभर वाट.

सकाळी नात आली, इरावती, शाळेच्या कोटात.
उचलून कानाशी हलवलं तिनं.
बाहेर खरंखुरं एक, चाचणीवर निघालेलं,
छतावरून गेलं, कपबशा किणकिणल्या.
तिनं ते जाऊ दिलं, पुन्हा हलवलं.
"आजोबा, आत काहीतरी सुटलंय."
ठाऊक आहे, म्हटलं.
ठेव खाली. अलगद.