तोंडी परीक्षा, ताळगांव पठार

आरसे सहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले,
पाठीवर कमळ, कडेला गुलाबी प्लास्टिक.
पावती लावली तेव्हा हिशेबनीसाने विचारलं,
फ्रेंच विभागाला आरसे कशाला?
ओठांसाठी, म्हटलं मी.
तो पावतीकडेच बघत राहिला.

खरं तर सोपं आहे.
आत जीभ ई म्हणते, बाहेर ओठ शीळ घालायला निघतात,
दोघांचं पटत नाही, आणि त्या भांडणातून
एक स्वर येतो जो आपल्या बाराखडीत नाही.
पण मुली ओठ पुढे काढत नाहीत मुलांसमोर.
मग सगळ्यांनीच भिंतीकडे तोंड करा, म्हणते,
अकरा पाठी माझ्याकडे, अकरा चंबू भिंतीकडे,
लँग्वेज लॅबमध्ये उकळत्या किटलीचा आवाज.

सगुण परब, कोरगांवचा, भजनात पेटी धरतो.
त्याचा र झांजेसारखा वाजतो. पारीमधलासुद्धा.
घशातून आण रे, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतोस तसा.
"मॅडम, घसा बसला तर? शनिवारी पालखी आहे."
मी शनिवार जाऊ दिला.

नाकातल्या स्वरांपाशी वर्ग दरवर्षी अडतो.
ओं म्हटलं की मागून एखादा न
शेपटीसारखा येतोच.
नाकपुड्या दाबून झाल्या, मेणबत्ती धरून झाली,
पुस्तकातले सगळे उपाय झाले.
कुशाली वेळीप कडेच्या खुर्चीत गप्प.
होस्टेलवर तिला 'नाकातली' म्हणतात, माहीत होतं मला,
म्हणून तिला विचारत नव्हते.

त्या दिवशी विचारलं.
कोंकणीत 'मी' म्हणजे काय गो?
हांव.
आता व यायच्या आधी थांब.
हां
अजून एकदा.
हां
मी हेडफोन काढून ठेवला.
पॅरिसच्या ध्वनिफितीतली बाई आणि ही,
दोघींत फक्त वयाचा फरक उरला होता.

माझे वडील पेडण्याला मराठी शाळेत मास्तर.
शुद्धलेखनाचे नियम बदलले, अनुस्वार गेले,
तरी फळ्यावर नांव, गांव, पांच लिहीत राहिले.
तपासनीस लाल शाईत शेरा मारून गेला.
टिंब पुसता येतं, म्हणायचे, नाक कसं पुसणार?
आणि स्वतःच हसायचे, उपरण्याने नाक पुसत.
माझ्या वहीत मी
एकही टिंब ठेवलं नव्हतं.

एप्रिल. परीक्षक बाई पुदुच्चेरीहून आलेल्या.
पंखा बंद, कारण रेकॉर्डिंग.
मोर मात्र बंद करता येत नाहीत या पठारावर.
कुठून आलीस? बाईंनी विचारलं, फ्रेंचमध्ये.
झ व्यँ द, म्हणाली कुशाली, अगदी घडीव,
झ व्यँ द गाओदोंग्री.
र घशातून. भार शेवटच्या अक्षरावर.
ड करमल घाटात कुठेतरी उतरून गेला.
बाईंनी दहापैकी दहा मांडले
आणि मला म्हणाल्या, छान शिकवलंय तुम्ही.

पुन्हा विचारा, म्हटलं मी. नियमात बसत नव्हतं ते.
रेकॉर्डर चालूच होता.
कुठून आलीस?
तिने माझ्याकडे पाहिलं, काय चुकलं म्हणून,
समोर आरसा असावा तसे ओठ जुळवले,
आणि पुन्हा तेच, आधीपेक्षा स्वच्छ.
गाओदोंग्री.

गांवडोंगरी, असं मी मनात म्हणून पाहिलं.
मनातसुद्धा टिंब नीट वाजलं नाही.
दहाच्या खाली माझी सही हवी होती, केली.
सही मी रोमनमध्ये करते, वर्षानुवर्षं.

पुढचा, असं बाई म्हणाल्या.
दारात सगुण उभा होता, गळ्याला मफलर,
हातात मिठाच्या पाण्याची बाटली.