प्रश्न क्रमांक चौदा

कॉलेजनं दिलेले छापील तक्ते, प्रश्न बावीस,
पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन
आणि डोक्यावर हिरवी टोपी, तिच्यावर 'कृषीकन्या'.
पोरं टोपी वाचतात.
म्हातारे माझे पाय बघतात,
चिखल लागलाय का, एवढंच.

चौदावा प्रश्न असा:
शेतातील मुख्य समस्या कोणती? एकाच चौकटीत खूण करावी.
कीड. रोग. मजूर. वीज. बाजारभाव. पाणीटंचाई. इतर.

पहिल्याच दिवशी इलाही नदाफ मला बांधावरनं खाली घेऊन गेले.
बुटाखाली करकरलं काहीतरी.
पांढरं,
अंगातला सदरा घामानं भिजून वाळावा
तशी जमीन.
"हितं आजा माझा शाळू काढायचा," ते म्हणाले,
"मग नदीचं पाणी पाईपनं वर आलं, ऊस आला.
दर आठ दिसाला पाट भरभरून पाजलं.
आता ऊस गुडघ्याएवढा हुतो आन् थांबतो,
नापास पोरगं उंबऱ्यात बसावं तसा.
कुठली चौकट म्हणतीस?"

पेन 'पाणीटंचाई'वर टेकलेलं होतं. उचललं.
मी जतची.
आमच्याकडं टँकरच्या रांगेत हंडे उभे असायचे,
आईच्या हंड्यावर ऑईलपेंटनं तिचं नाव.
पाणी जास्त होऊनही रान मरतं
हे मी वाचलं होतं, पास होण्यापुरतं.

सगुणा मोहित्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली,
थुंकल्या, पदरानं तोंड पुसलं.
"लिव्ह. गेल्या सालापरास खारट."
माझं यंत्र अजून आकडा शोधत होतं.

पलूसच्या अलीकडचं हे नागझरवाडी, कृष्णेपासून हाकेवर.
घरोघर तेच बोट, त्याच दिशेला:
मधला ओढा होता, जादा पाणी घेऊन नदीला जायचा.
त्याच्यावर मुरूम पडला.
कुणी टाकला?
इथं चहा येतो. साखर जास्त.
एकट्या तातोबा गुरवांनी बशी खाली ठेवून सांगितलं,
"तू जिथं जेवतीस, तिथं इचार."

मी जेवते भूपाल मगदुमांकडं.
दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून साडेपाचला
बांधाबांधानं पळत येते.
पद्मावतीकाकी भाकरीवर तूप सोडतात, वाळलीस म्हणतात.
त्यांच्या मागच्या अंगणात हळद शिजवायचा कुकर आहे,
आणि केवढी सपाट जागा.
आल्या दिवशी मी कौतुक केलं होतं त्या सपाटीचं.

एकेचाळीस तक्ते भरले.
'इतर'पुढं दीड इंचाची रेघ असते,
तिच्यावर एकेचाळीस वेळा: निचरा नाही.
बेचाळिसावा काल, सोप्यात बसून.
नाव, वय, क्षेत्र. हळद दोन एकर, ऊस साडेतीन.
गाई चार, एक गाभण.
तेरा झाला. मी पान उलटून पंधराला गेले.

"चौदा ऱ्हायला की," मगदूमअण्णा म्हणाले.
पान चिकटलं होतं, मी म्हणाले.
आत भांड्यांचा आवाज थांबला.
त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
परत घातला नाही.
"माझं नाव कितीजणांनी घेतलं?"
"तक्त्यात नावाला जागा नाही."
"त्ये इचारलं न्हाई मी."

सुतळी मी बोटाला गुंडाळत राहिले.
कोपऱ्यात जुन्या पेपरवर मातीचे नमुने वाळत होते,
प्रत्येकावर चिठ्ठी, गट नंबर.
त्यांच्या गटाची चिठ्ठी कडेला होती.
ते तिच्याकडं बघत होते, की नुसतेच त्या बाजूला,
चष्म्याशिवाय कळत नाही.

काकी दोनदा दारात येऊन गेल्या.
तिसऱ्यांदा आल्या तेव्हा अंगणातला उजेड गेला होता,
आणि अण्णांच्या ताटावर त्यांनी दुसरं ताट पालथं घातलं.
मग माझं ताट पुढं सरकवलं.
"तू घे जेवून," म्हणाल्या,
"तुला चालतं."