नव्वद सेकंद

मांडवीच्या ग्रंथालयात
वरच्या मजल्याची फरशी काचेची.
कुणी चाललं की माझ्या वहीवर
चपलांच्या सावल्या सरकत जातात.
तीन महिने, दर रविवारी, मी त्यांच्याखाली बसते.
लेव्हल दोन, दुसरा प्रयत्न.
मागच्या वेळी निकालाच्या आलेखात
माझा ठिपका रेषेच्या नखभर खाली होता.
वय चौतीस. आई विचारते,
गुंतवणुकीची परीक्षा, मग तुझी गुंतवणूक कधी परत यायची?

आज नीतीचं प्रकरण.
सगळे सांगतात, सोपं असतं, शेवटी ठेव,
साध्या अकलेनं सुटतं.

प्रश्न असा:
अमुक बँकेतल्या एका कर्मचाऱ्याला
बाहेर कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट कळते.
सोमवारी दारं बंद होणार आहेत.
त्याने काय करावं?
अ, ब, क.
वेळ, नव्वद सेकंद.

बाबांना दोन रात्री लागल्या होत्या.

मी नववीत. ते सहकारी बँकेत रोखपाल,
दांडिया बाजारच्या शाखेत.
शुक्रवारी जेवले नाहीत.
शनिवारी जेवून उठले, हात धुतले
आणि पुन्हा पाटावर येऊन बसले.
आईने पाहिलं तर म्हणाले, मीठ कमी होतं.
रविवारी नवनीतभाई ओट्यावर आले.
कुलपांचं दुकान त्यांचं,
मुलीच्या लग्नाचे चाळीस हजार त्याच बँकेत.
"पागेसाहेब, बधुं बराबर ने?"
बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले,
"उद्या ऊन फार आहे म्हणतात."

सोमवारी शटरला कुलूप,
नवनीतभाईंच्याच दुकानातलं.
आमचेही पैसे आत.
आईच्या पाटल्या मोडून ठेवलेले, माझ्या फीचे, सगळे.
काढता आले असते.
शनिवारी तिजोरीची किल्ली बाबांच्याच खिशात होती.
आई तेव्हा काही बोलली नाही,
नंतर मात्र वर्षभर रोज थोडं थोडं बोलली.

"तमने खबर हती?"
नवनीतभाईंनी एकदाच विचारलं.
बाबांनी मान हलवली.
हो की नाही, मी दारात उभी होते,
मलाही कळलं नाही.
त्यानंतर ते पलीकडच्या कडेने जायचे.
मुद्दल अकरा वर्षांनी परत मिळालं, बिनव्याजी.
मुलीचं लग्न उधारीवर उरकून
तिचा मुलगा शाळेत जायला लागला होता.
बाबा नव्हते.

उत्तर क.
मी क लिहिलं होतं, बरोबर आलं.
खाली चार ओळींचं स्पष्टीकरण:
कुणाला सांगू नये, स्वतः वापरू नये.
बाबांच्या बाजूने छापलेल्या
मी वाचलेल्या या पहिल्या चार ओळी.
ओट्यावर बसलेल्या माणसाकडे
बघायचं कसं, हे त्यात नाही.

गेल्या महिन्यात नवनीतभाई
अलकापुरीला आमच्या ऑफिसात आले,
काठी टेकत, पैसे माझ्याच कंपनीत ठेवायला.
जाताना टेबलावर स्टीलचा डबा:
लीलो चेवडो, घरी केलेला.
नियमानुसार मी फॉर्म भरला.
वस्तू, चेवडा, अंदाजे अर्धा किलो.
किंमत, दोनशे रुपये.
देणाऱ्याशी नातं, शेजारी.
मग शेजारी खोडून लिहिलं, खातेदार.
साहेब हसले. सही केली, मूठभर चेवडा घेतला.

आता पुस्तक मिटून
कॅल्क्युलेटरवर टाकून बघते.
चाळीस हजार, अकरा वर्षं, आठ टक्के.
उत्तर: उणे सतरा हजार एकशे पंचावन्न,
वर एकतीस पैसे.
हे यंत्र उणे चिन्ह आपणहून लावतं.
कुणाच्या तरी खिशातून गेले, एवढंच त्याला कळतं,
कुणाच्या ते आपण लक्षात ठेवायचं.

वर कुणीतरी चालता चालता थांबलंय.
दोन पावलं, बरोबर माझ्या आकड्यावर.

चेवडा केव्हाच संपला.
डबा घासून ओट्याजवळच्या फळीवर ठेवलाय.
रोज जाता-येता दिसतो.
रिकामा परत करायची
आमच्यात पद्धत नाही.