भूल

ओपावातल्या माझ्या दवाखान्यात
खुर्च्या सहा, मासिकं गेल्या वर्षीची,
आणि भिंतीला टेकून साठ लिटर पाणी:
दुखऱ्या माणसांनी बघत बसावं म्हणून.

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
माझं भरतं.
कोळंब्यांचंही भरतं. दिवसभर
शेवाळाच्या काडीकाडीतून काहीतरी कोरत असतात,
आपल्याला न दिसणारं जेवण.
पण पिल्लं होत नव्हती.
दोन हिवाळे.

चूक माझीच. स्वच्छता.
हत्यारं उकळणाऱ्या हातांनी मी काच घासायचे,
पान पिवळं पडलं की चिमट्यानं उचलायचे.
व्लास्तिमिल, माझा मदतनीस,
बापाच्या बारा टाक्यांमध्ये वाढलेला,
एकदा ग्लव्ह्ज काढता काढता म्हणाला,
डॉक्टर, इतक्या धुतलेल्या घरात
कोण बाळंत होईल?

मग हात आवरला.
नदीकाठच्या अल्डरची काळी बोंडं आणली,
ओकची दोन वाळकी पानं;
पाणी दुसऱ्यांदा उकळलेल्या पत्तीच्या चहासारखं झालं.
फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला,
सुजल्या जबड्याला बांधतात तसा.
आमचं नळाचं पाणी चुनकट, किटलीत किटण धरणारं
(किटण मी ओळखते, ते काढायचे पैसे घेते),
म्हणून खिडकीच्या कठड्यावरचा बर्फ
बादलीत वितळवला, खोलीत रात्रभर मुरू दिला,
आणि बारीक नळीनं
थेंब, थेंब.

काचेवर चिठ्ठी लावली: टकटक करू नये.
पोरं करतात. मोठी माणसं जास्त करतात.
शेवटी तिन्ही बाजूंनी तपकिरी कागद,
समोर पोस्टकार्डाएवढी फट.
श्टेपानोव्हाबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या,
मग दुखत असताना आम्ही बघायचं कुठे?

फेब्रुवारीत एकीनं कात टाकली.
रिकामं कवच, मिशांसकट,
दाराशी काढून ठेवलेल्या कोटासारखं.
मी उचललं नाही. तेवढं शिकले होते.
त्या रात्री नर या भिंतीकडून त्या भिंतीकडे
पत्ता हरवल्यासारखे पोहत राहिले,
आणि सकाळी तिच्या पोटाखाली पिवळट दाणे;
ती पायांनी वारा घालत होती,
घालतच होती.

माशांचं वेगळं.
एंबर टेट्रा, ठिणगीएवढे जीव:
पहाटे शेवाळात अंडी टाकायची
आणि न्याहारीला तीच खायची.
शेवाळ दाट वाढू दिलं, बोट शिरणार नाही इतकं.
याहून जास्त
आईबापांना समजावता येत नाही.

भिंतीवरचं घड्याळ मला पाण्यात पाहायला लागलं,
कारण मी पाण्यात पाहत बसायचे
आणि बाहेर नऊ जण ताटकळायचे.

मग मार्चातला एक मंगळवार.
बोहुमिर कोत्र्बा, निवृत्त ट्रॉलीबसचालक,
खालची डावी दाढ.
इंजेक्शन दिलं, म्हटलं, बसा बाहेर, बधिर होऊ दे.
दहा मिनिटांत दारात उभे:
ऊऊ, ऊऊ, आणि हात हवेत.
मला वाटलं, औषध चढलं. नाडी धरली.
व्लास्तिमिल पाणी घेऊन धावला.
त्यांनी माझं मनगट उलटं पकडलं
आणि ओढत नेलं त्या फटीपाशी.

पानाच्या कडेवर स्वल्पविराम.
पारदर्शक, जवळ्याहूनही बारीक,
मिशा हलवणारा.
नजर बसली तसे तीस. चाळीस.
आणि शेवाळाच्या सावलीत
दोन डोळे, त्यांच्यामागे एक दोरा:
मासाच तो, आजचा किंवा कालचा.

कोत्र्बा बोटांनी मोजत होते,
ओठाच्या बधिर कोपऱ्यातून लाळ गळत होती,
बाहीनं पुसायचे, पुन्हा एकपासून सुरुवात.
आम्ही तिघं गुडघ्यांवर.
कुणाचा तरी फोन वाजून थांबला.

मोजणी जुळली नाही.
भूल मात्र उतरली; दाढ परत ठणकायला लागली तेव्हा
ते म्हणाले, आता नीट शब्दांत, त्रेपन्न.
दुसऱ्या इंजेक्शनचे पैसे
मी लावले नाहीत.